एएची मीटिंग कशी शोधायची आणि पहिल्यांदा जाताना काय करायचं

दारू सोडायचीय पण जायचं कुठे, हा प्रश्न बऱ्याच जणांना असतो. त्यासाठी एए आहे, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांचे एकमेकांना आधार देणारे गट. पण घरचे तर बहुतेक वेळा आधी बाबा-बुवा नाहीतर पेपरातली "न सांगता दारू सोडवा" वाली जाहिरात गाठतात. ते आधी बंद करा. जेवणात गुपचूप गोळी मिसळणं जिवावर बेतू शकतं, कारण त्यातली काही औषधं पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी एकदम खाली जातं.

अजून एक. जो माणूस रोज सकाळपासून पितो त्याने एका दिवसात एकदम बंद करून थेट मीटिंग गाठू नये, आधी डॉक्टरला दाखवा. दारू थांबल्यावर काही तासांतच हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काही जणांना भास व्हायला लागतात, नसलेली माणसं दिसतात. हे घरी निस्तरायचं काम नाही, ॲडमिट व्हावं लागलं तर व्हा. मीटिंग कुठे पळून जात नाही.

आता मीटिंग. एए 1935 साली अमेरिकेत ॲक्रनला दोन दारुड्यांनी सुरू केलं, एक शेअरबाजारातला आणि एक सर्जन. भारतातलं मुख्य ऑफिस मुंबईत आहे. गुगलवर "एए इंडिया" टाकलं की त्यांची साईट येते, तिथे शहराप्रमाणे मीटिंग आणि हेल्पलाईनचे नंबर मिळतात. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेलाच असतो त्यामुळे लाजू नका, सरळ सांगा की पहिल्यांदा यायचंय, मराठी मीटिंग जवळ कुठे आहे. साईटवरची वेळ जुनी असू शकते म्हणून निघायच्या आधी फोन कराच. सरकारची नशामुक्तीची टोल फ्री हेल्पलाईन आहे 14446, तिथे उपचार केंद्रांची माहिती मिळते. आणि पुण्याच्या आसपास असाल तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहेच, 1986 साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं.

ओळखीचं कोणी भेटेल ही भीती सगळ्यांनाच असते. माझं मत, सुरुवातीला दोन स्टेशनं सोडून पलीकडची मीटिंग पकडा. तसंही ओळखीचा भेटलाच तर तोही त्याच कामाला आलेला असतो ना! ओपन मीटिंगला घरचे, मित्र कोणीही बसू शकतं, क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी, त्यामुळे बायकोला किंवा भावाला सोबत न्यायचं असेल तर आधी विचारून घ्या कुठली आहे.

मीटिंग बहुतेक वेळा संध्याकाळी, पालिकेच्या शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये. शाळेत असेल तर तुम्ही तिसरीच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेले असता, समोर फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच, भिंतीवर पाढे, आणि पन्नाशीचा रिक्षावाला उठून सांगत असतो की पोराच्या फीचे पैसे कसे प्यायलो. बाजूला बँकेतला साहेब मान डोलावतोय. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, प्रत्येकजण आपलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक म्हणतो आणि आपलीच गोष्ट सांगतो. तुम्हाला बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, कोणी जबरदस्ती करत नाही. फॉर्म नाही, फी नाही. शेवटी डबा किंवा पिशवी फिरते, त्यात द्यायचं तर द्या नाहीतर पुढे सरकवा, पहिल्यांदा आलेल्याने काही टाकू नये असंच सहसा सांगतात. प्रार्थनेत ईश्वर येतो, त्याने नास्तिक मंडळी बिचकतात, पण कुठल्या धर्माचं काही नसतं, गप्प उभे राहिलात तरी चालतं.

खरं काम मीटिंग संपल्यावरचं आहे. लगेच चप्पल घालून पळू नका. चहाला थांबा आणि दोघा-तिघांचे नंबर घ्या, कारण रात्री तलफ येते तेव्हा एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहायचा त्यांचा कार्यक्रम, आठवत नाहीत, कोणाला तरी फोन लावता आला पाहिजे. पुढे त्यातल्याच एखाद्या जुन्या माणसाला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा सोबती, म्हणून धरता येतं. बायकांनी बाईच स्पॉन्सर घ्यावी, आणि गावात बायका कमी येत असतील तर ऑनलाईन मीटिंग बघा, तिथे व्हिडिओ बंद ठेवूनही बसता येतं, परदेशात राहणाऱ्यांनाही तोच सोपा मार्ग.

एक ग्रुप नाही आवडला तर दुसरा बघा, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा, कुठे जरा भाषणबाजी जास्त. तीन-चार ठिकाणी बसल्याशिवाय "आपल्याला नाही जमत" म्हणू नका. मध्येच प्यायलात तरी परत जा, कोणी हजेरी मांडत नाही.

घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंग असतात, पिणारा यायला तयार नसला तरी बायको-आईने खुशाल जावं. आणि गणपतीत, शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत हॉल मिळत नाहीत, जागा बदलते, तर ग्रुपमधल्या कोणाला तरी आदल्या दिवशी विचारून ठेवा.