बॉनेटखालची पाटी

माझ्याकडे वडिलांची १९५७ ची फियाट ११०० आहे. मुंबईकडे तिला 'डुक्कर फियाट' म्हणायचे, आमच्या कोल्हापुरात नुसतीच 'फियाट'. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर, अॅल्युमिनियमची एक पाटी दिसते. तिच्यावर चेसिस नंबर, इंजिन नंबर. ही पाटी म्हणजे गाडीचा जन्मदाखला. तो धुवायचा, नव्याने लिहायचा नाही. उद्यमनगरात टूलरूममध्ये आयुष्य गेलं, कपाटात नंबर पंचचा, म्हणजे धातूवर आकडे ठोकायच्या ठशांचा, अख्खा सेट पडून आहे. पण पाटी साफ करून पुन्हा रंगवायच्या या कामात मी तो ड्रॉवर उघडतसुद्धा नाही.

पाटीला हात लावण्याआधी तिचे फोटो काढा. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने छाप घ्या, आरटीओत चेसिसची घेतात तशीच. ती छाप, आरसी बुक आणि बॉडीवर ठोकलेला नंबर एकमेकांशी ताडून बघा. जुळत नसतील तर काम तिथेच थांबवायचं आणि आधी आरटीओ गाठायचं.

रिव्हेट घट्ट असतील तर पाटी काढूच नका, भोवती मास्किंग टेप लावून जागेवरच काम करा. निम्म्या गाड्यांत एवढ्यावर भागतं. काढायचीच वेळ आली तर आतून मॅट उचला, रिव्हेटचं मागचं डोकं कानशीने घासून काढा आणि बारीक पंचने पुढे ढकला. स्क्रूड्रायव्हरने उचकटायची घाई करू नका. पत्रा इतका पातळ असतो की एकदा वाकला की ती घडी जन्मभर दिसते. वाकलेली पाटी हातोडीने ठोकली तर पत्रा ताणला जाऊन पोट धरतो. सागवानाच्या दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये ठेवून शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या व्हाइसमध्ये, हळूहळू दाबा.

आता धुणं. तेलकट थर रॉकेलने सोडवायचा, मग कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. तारेचा ब्रश नको, चिंच नको, देवाची भांडी घासायची पावडर नको. आणि सोडा तर अजिबात नको. तरुणपणी एका स्कूटरची पाटी मी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकून चहाला गेलो होतो. परत येऊन बघतो तर पाटी काळवंडलेली, वर सुईने टोचल्यासारखे खड्डे. अॅल्युमिनियमला सोडा खातो, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याची पाटी होती त्याने मला पुढे बरीच वर्षं ऐकवलं.

जुना काळा रंग बहुतेक वेळा ब्रेक ऑइल सांडून फुगलेला असतो. इअरबडला थिनर लावून तो थोडा थोडा उचला. नंतर काळा इनॅमल पातळ करून सगळ्या पाटीवर एकच हात द्या, अक्षरांवरूनसुद्धा. चकचकीत काळा वापरू नका, नव्या दुकानाच्या बोर्डासारखा दिसतो. एक दिवस वाळू द्या. मग हजार नंबरचा वॉटरपेपर सपाट लाकडाला गुंडाळून साबणाच्या पाण्याने अलगद फिरवा. उठावाची अक्षरं वरून चमकू लागतात, काळं खोलगट भागात राहतं.

पण थांबा, नंबराच्या चौकोनावर पेपर फिरवायचा नाही. ठोकलेल्या आकड्याभोवती धातू किंचित वर आलेला असतो. नखाने चाचपलं तर कड लागते. कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातोडीची ती खूण. एखादा ७ जरा वाकडा, एखादा ३ जास्त खोल. ती कड घासली गेली की जाणकार माणसाला पहिल्या नजरेत शंका येते, आणि शंका आली की तुमच्या खऱ्या नंबरालाही कुणी खरं मानत नाही. तिथे रंग ओला असतानाच टर्पेंटाइन लावलेल्या कापडाने वरचेवर पुसून घ्या. आकड्यांत राहिलेलं काळं राहू द्या.

पाटी मुळातच हरवली असेल तर? कोऱ्या पाट्या विकत मिळतात, पण तिच्यावर स्वतः नंबर ठोकू नका. ओळख म्हणून बॉडीवरचा नंबर आहे आणि कागद आहेत, त्यावर आरटीओतच मार्ग काढायचा. पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी आहे: नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. गाडी मूळ रूपात असावी ही तिची अट. म्हणूनही खरवडलेल्या नंबराची पाटी घेऊन तिथे उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

बसवताना जुनीच भोकं वापरा आणि साधे भरीव अॅल्युमिनियम रिव्हेट घ्या. पॉप रिव्हेटच्या मधलं भोक लांबूनही ओळखू येतं. बसवण्याआधी पाटीच्या पाठीला मेणाचा पातळ थर द्या. अॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात चिकटून राहिले की अॅल्युमिनियम पांढरी भुकटी सोडायला लागतं, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. माझी मुलगी आत पाय दुमडून बसते, डॉली, म्हणजे रिव्हेटच्या मागे टेकवायचा लोखंडी ठोकळा, धरते आणि दर ठोक्याला "बाबा, हळू" म्हणते.

पावसाळा संपला की रिव्हेटभोवती बॅटरी मारून बघा. पांढरं दिसलं तर कोरड्या ब्रशने झाडून मेणाचा एक हात.