फोटोंचं पुस्तक समोर, तरी विमान भलतंच: या चुका टाळा

पुस्तकावर ‘मिग-२१’, प्लास्टिक मॉडेलच्या किटच्या डब्यावरही ‘मिग-२१’, म्हणजे जमलं, असं धरून ब्लेड हातात घेणारे दर हिवाळ्यात भेटतात. मिग-२१ हे एका विमानाचं नाव नाही, अख्ख्या खानदानाचं आहे. आपल्या हवाई दलातच १९६३ ते २०२५ या काळात एफ-१३, पीएफ, एफएल, एम, बिस आणि बायसन इतके प्रकार उडाले. फोटोंची पुस्तकं मात्र बहुतेक युरोपात छापलेली आणि तिथल्या एमएफ या प्रकाराने भरलेली.

मग ठरलेलं रामायण घडतं. नवशिक्याला १९७१ चं विमान हवं असतं, १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट डागणारं. ते एफएल, म्हणजे टाइप ७७. हाताला लागतं १/४८ चं, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढं, एमएफचं किट. पुस्तकही एमएफचंच, त्यामुळे दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि संशयाला जागाच राहत नाही. चिकटवून, पुट्टी घासून, प्रायमर मारून होतो आणि डेकल, म्हणजे आकडे-चिन्हांचे स्टिकर, लावायच्या दिवशी खऱ्या विमानाचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो समोर येतो. त्यात पंखांखाली शस्त्रं टांगायचे दोन पायलॉन आहेत, मॉडेलला चार. फोटोतली कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, विंडस्क्रीनसकट पुढे उघडलेली, मॉडेलची उजवीकडे कलंडलेली. नाकावरची वेग मोजायची पिटो नळी फोटोत मधोमध, मॉडेलवर उजवीकडे सरकलेली. पोटाखाली मॉडेलला जीएसएच-२३ तोफ बसवलेली, आणि एफएलला अंगची तोफच नाही. लावलीच तर जीपी-९ नावाचा, पोटाखाली टांगायचा वेगळा पॉड लागतो.

आता डागडुजी सुरू. पायलॉन कापा, भोकं बुजवा, तोफ काढून पोट सपाट करा, घासताना गेलेल्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) पुन्हा कोरा. एवढं करूनही पाठीचा कणा एमएफचाच, म्हणजे जाडच राहतो आणि कॅनोपीवर तर काही इलाज नसतो. ‘मग बिस म्हणून खपवू’ असं मनात येतं, पण बिसची पाठ आणखी फुगीर. या किटातून सरळपणे निघतो तो टाइप ९६, म्हणजे आपला एम, आणि तोही पायलॉन कापायच्या आधी. दीड महिना पाण्यात.

उपाय साधा आहे आणि कंटाळवाणा आहे, म्हणून कोणी करत नाही. पहिला भाग फ्रेमपासून कापण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा: टाइप, सीरियल नंबर, स्क्वाड्रन, वर्ष. मग पुस्तकात रंगीत चिठ्ठ्या लावा. नेमक्या त्याच सीरियलच्या विमानाचा फोटो असेल तर हिरवी, त्याच टाइपचा आणि काळाचा असेल तर पिवळी, नुसता त्याच खानदानातला असेल तर लाल. लाल पानावरून टायरची जाळी किंवा पायऱ्यांची शिडी बघायला हरकत नाही. बाहेरचा आकार, अँटेना आणि पायलॉन तिथून उचलायचे नाहीत. हिरवी चिठ्ठी एकही नसेल तर विमान बदला, हट्ट नको.

‘भाऊ, एवढं कोण पाहते?’ हा प्रश्न ठरलेला. पाहतात. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय असलेल्या नागपुरात आपण राहतो. हवाई दलातून रिटायर झालेला माणूस मॉडेलसमोर थांबला की त्याचं बोट आधी पायलॉनवरच जातं. आणि हो, संदर्भ हवा म्हणून सोनेगावच्या हवाई तळाच्या कुंपणावरून मोबाइल वर करू नका. तो गुन्हा आहे. एअर शोची वाट पाहा.

दुसरी लाडकी चूक रंगाची. छापील पानावर बोट ठेवून रंग कालवणारे लोक तीन थरांची चूक एकत्र कालवत असतात: फोटो काढला तेव्हाचं ऊन, जुन्या फिल्मचा कल आणि छपाईची शाई. करड्या रंगात तर हे हमखास फसतं, कारण करडा जरासा हलला की निळा नाही तर हिरवट दिसू लागतो. आपल्या विमानांच्या बाबतीत एक सोय आहे, ती वापरा. राउंडेलमधला, म्हणजे विमानावरच्या तिरंगी गोल चिन्हातला, पांढरा पट्टा बघा. तो पानावर पिवळट दिसत असेल तर शेजारचा करडाही तितकाच पिवळा झाला आहे, आणि तुमच्या डोळ्यांनी तेवढं वजा करायचं आहे. विमान विटलेलं असेल तर राउंडेलही विटलेला असतो, म्हणून निदान तीन फोटो घ्या, एकावर विसंबू नका.

अमेरिकी विमानांसाठी एफएस नंबर, म्हणजे तिथल्या सरकारी रंग-प्रमाणातला क्रमांक, मिळतो, तो घ्या. पण त्याचा पहिला आकडा चमक सांगतो: १ चकचकीत, २ अर्धवट, ३ मॅट. ३६३७५ आणि १६३७५ रंगाने एकच. हे माहीत नसल्यामुळे दोन बाटल्या विकत घेणारे आहेत. कालवलेला रंग प्लास्टिकच्या तुकड्यावर मारून सकाळी ९-१० वाजता उत्तरेच्या खिडकीत पाहा. रात्री पिवळ्या बल्बखाली ‘जुळला’ म्हणू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

डावं-उजवं उलटं छापलेला फोटो: तोफेवरून पकडा. एफ-१६ आणि मिग-२९ ची डावीकडे, एफ-१५ आणि सुखोई-३० ची उजवीकडे.

संग्रहालयातलं विमान: टायर बसलेले, इनटेक (इंजिनाचं हवा घ्यायचं तोंड) झाकलेला, रंग ठेकेदाराच्या ब्रशने मारलेला. रिव्हेट बघा, रंग नाही.

फोटोवरून माप घेणं: वाइड लेन्स नाक फुगवते, टेलिफोटो विमान चेपते. विमानाचा झेरॉक्स केलेला नकाशाही ताणला जातो, म्हणून आधी त्याच्यावर व्हर्नियर कॅलिपर लावून माप घ्या. मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ ला ९९.३ मिमी आणि १/४८ ला १४९ मिमी यायला हवा. नाही आला तर कागद फेका.

काळ्याकुट्ट पॅनेल लाइन: क्लोज-अप पाहून वॉश, म्हणजे रेघांत भरायचा पातळ गडद रंग, ओतला जातो. १/७२ वर ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिमीहून जास्त रुंद फट. शिवाय मॉडेल ३० सेंमीवरून पाहणं म्हणजे विमान २१.६ मीटरवरून पाहणं. तितक्या अंतरावरच्या फोटोत जी रेघ दिसत नाही, ती मॉडेलवर ओरडायला नको.

आणि पुस्तक कुलरसमोर ठेवू नका. मे महिन्यात नागपुरात ऊन पुस्तकाचं जेवढं वाटोळं करत नाही, तेवढं कुलरची ओल करते. आर्ट पेपरवरचा लेप ओल धरतो, पानं लहरी होतात आणि दाबाखाली एकमेकांना चिकटतात. सोडवायला गेलं की नेमका कॉकपिटचा फोटो सोलून निघतो. पुस्तक कपाटात उभं ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. टेबलावर त्या पानाची रंगीत प्रिंट पुरते. तिच्यावर थिनर सांडला तर दहा रुपये जातात.