विद्यापीठातल्या नाटकाचं नेपथ्य आणि प्रेक्षकांचा रिस्पॉन्स कसा तपासायचा

'सेट भारी होता, लाइट्स छान होते, पब्लिकने खूप टाळ्या वाजवल्या' एवढ्यावर रिपोर्ट संपवायचा असेल तर नाटक बघायला गेलं नाही तरी चालतं. खरं बघायचं असतं ते हे की सेटमुळे नटांना काय करता आलं आणि त्यामुळे प्रेक्षकात काय हललं, म्हणजे दोन वेगळे चॅप्टर न करता एकाच क्षणाच्या दोन बाजू म्हणून बघायचं.

प्रयोग शक्यतो दोनदा बघा. पहिला प्रयोग बहुतेक वेळा मित्रमंडळींनी भरलेला असतो, कोणी नुसती एन्ट्री घेतली तरी हशा आणि शिट्ट्या, तो रिस्पॉन्स नाटकाला नसतो तर हॉस्टेलच्या रूममेटला असतो. म्हणून कुठल्या प्रयोगाला कोण बसलं होतं हे रिपोर्टमध्ये आधी लिहा, हॉल किती भरला होता तेही लिहा, कारण अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये लोक मोकळेपणाने हसत नाहीत, चांगला विनोदसुद्धा तिथे गारठतो.

दिग्दर्शकाचं मनोगत, नेपथ्यकाराची नोट वगैरे प्रयोगाआधी वाचू नका. आधी वाचलं की 'ही उतरती पायरी म्हणजे कुटुंबाचा ऱ्हास' असं आपल्यालाही दिसायला लागतं, आणि जे स्टेजवर पोचलंच नाही त्याला आपण मार्क देऊन बसतो. नंतर वाचा आणि ताडून बघा.

प्रयोगाच्या आधी थोडं लवकर जाऊन पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना आणि शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात बसून बघा, विंगेतलं दिसतंय का, मागच्या लेव्हलवरचा (म्हणजे स्टेजवर बांधलेल्या उंचवट्यावरचा) नट पुढच्या कपाटामागे जातोय का, दार उघडलं की आतली भिंत दिसते का बॅकस्टेजला उभा असलेला पोरगा. विद्यापीठाच्या हॉलमध्ये हे फार होतं, कारण ते बरेचदा भाषणं आणि समारंभासाठी बांधलेले असतात, नाटकासाठी नाही. आता दोष कोणाचा? हॉल वाईट असणं ही नेपथ्यकाराची चूक नाही, पण हॉल असा आहे हे माहीत असून तीन बाजू बंद करणारा सेट लावणं ही आहे. प्रेक्षकाला नीट दिसण्याचा प्रश्न जुनाच आहे, भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन संस्कृत ग्रंथात माणसांसाठी ६४ बाय ३२ हातांचं नाट्यगृह सांगितलंय आणि कारण पण दिलंय, त्याहून मोठं केलं तर आवाज नीट पोचत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत.

मग मुख्य गोष्ट, सेट वापरला जातोय का. स्टेजवर जे जे ठेवलंय त्याची मनात यादी करा आणि बघा कोणी त्यावर बसलं, टेकलं, त्यामागे लपलं, निदान त्याला वळसा घालून गेलं का. जिना बांधलाय आणि पूर्ण नाटकात एकदाच कोणी चढलं तर तो जिना का आहे हे विचारायलाच हवं, त्या एका चढण्यासाठीच नाटक थांबलं असेल तर गोष्ट वेगळी. रंगवलेला पडदा असेल तर नटाची सावली त्यावरच्या आकाशावर पडते का बघा. स्विस डिझायनर अदॉल्फ आपिया (१८६२–१९२८) याचं भांडण हेच होतं की नट जिवंत, त्रिमितीतला आणि त्याच्यामागे सपाट रंगवलेलं चित्र, हे जुळत नाही, म्हणून त्याने पायऱ्या, लेव्हल आणि प्रकाश यांवर भर दिला. कमी बजेटच्या ग्रुपला हे वरदानच आहे खरं तर, चार लेव्हल आणि नीट लावलेले लाइट कितीतरी वेळा पूर्ण दिवाणखान्याला भारी पडतात. आणि हो, बजेट किती होतं ते विचारून घ्या, व्यावसायिक नाटकाशी तुलना करून मार्क कापणं हा शुद्ध आळस आहे.

सीन चेंजचं टायमिंग मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घ्या, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून प्लीज. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सीन बदलताना केलेल्या अंधारात, प्रेक्षक बोलायला लागले की तो लांबला, इतकं सोपं आहे.

आता प्रेक्षक. शेवटच्या टाळ्यांवर अजिबात जाऊ नका, त्यात कौतुक, सुटका आणि बस पकडायची घाई सगळं मिसळलेलं असतं, आणि पुढचे दोघं उभे राहिले की मागच्यांना उभं राहावंच लागतं. त्याऐवजी वहीत तीन कॉलम करा: स्टेजवर काय चाललंय, प्रेक्षकात काय झालं, मला काय वाटलं. तिसरा कॉलम वेगळा ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर आपल्याला कंटाळा आला की सगळा हॉल कंटाळला असं आपण लिहून मोकळे होतो. नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची, म्हणजे यशाची, लक्षणं अशीच मोजलीत, स्मित, मोठ्याने हसणं, 'साधु' (वाहवा), 'अहो' (आश्चर्य), 'कष्टम्' (हळहळ) असे उद्गार, अंगावर काटा येणं, उठून उभं राहणं. आपण त्यात खोकला, खुर्च्यांची करकर आणि पेटलेल्या मोबाईल स्क्रीन वाढवायच्या.

शांततेत फरक ओळखायला शिका. गुंतलेल्या शांततेत कोणी हलत नाही, खोकला येणारा पण थांबवून धरतो आणि प्रसंग संपल्यावर एकदम चार-पाच जण खोकतात. कंटाळलेल्या शांततेत बारीक चुळबुळ सतत चालू असते. अशा क्षणी लगेच स्टेजकडे बघून लिहा: नट कुठे उभा होता, लाइट कुठला होता, मध्ये किती मोकळी जागा होती. तुमच्या रिपोर्टचा खरा माल इथे मिळतो.

बाहेर पडणाऱ्यांना 'आवडलं का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'कुठला प्रसंग डोळ्यासमोर येतोय' आणि 'ते घर कसं होतं, सांग ना' असं विचारा, आणि त्यातल्याच काहींना आठवड्याने परत विचारा. सेटबद्दल कोणी काहीच बोललं नाही म्हणजे सेट फसला असं नाही, कधीकधी तो इतका फिट बसलेला असतो की वेगळा दिसतच नाही. पण 'सेट काय जबरदस्त होता' एवढंच सगळे म्हणत असतील आणि प्रसंग एकही आठवत नसेल, तर ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, नेपथ्यकार तुमचा मित्र असला तरी.