चालताना गुडघा किती वाकतो? मोबाईलवर मोजमाप कसं घ्यायचं

गुडघ्याची झीज झालेला माणूस टेबलावर झोपून गुडघा 120 अंश वाकवून दाखवतो आणि चालताना तोच पाय काठीसारखा ताठ टाकतो. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची दोन पट्ट्यांची मापपट्टी, टेबलावरचा आकडा देतो, चालतानाचा देत नाही. तो हवा असेल तर बाजूने व्हिडिओ घ्यावा लागतो.

6 मीटर मोकळी सपाट जागा आणि दोन्ही टोकांना वेग घ्यायला, थांबायला दीड-दोन मीटर जास्त. दवाखान्यात एवढी जागा नसेल तर बाहेरचा पॅसेज चालेल, ट्रेडमिल नको. त्यावर सवय नसलेली माणसं वेगळीच चालतात. मधल्या 4 मीटरच्या दोन्ही कडांना जमिनीवर पट्टी चिकटवा, वेग तिथेच मोजायचा. मोबाईल ट्रायपॉडवर, चालण्याच्या रेषेशी काटकोनात, निदान 4 मीटर लांब आणि भिंग गुडघ्याच्या उंचीवर. वाइड भिंग वापरू नका, कडेला पाय वाकडा दिसतो. सेकंदाला 60 फ्रेम तरी हव्यात, 120 उत्तम. 30 फ्रेमवर झुलत्या पायाचा गुडघा एका फ्रेममध्ये 10 अंशांपर्यंत सरकून जातो. उजेड कमी असेल तर स्टिकर पुसट होतो, म्हणून दिवे सगळे लावा.

स्टिकर तीन: खुब्याच्या बाहेरचा हाडाचा उंचवटा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मांडीच्या हाडाचा उंचवटा आणि घोट्याचं बाहेरचं हाड. खुब्याचा सापडत नसेल तर पाय आत-बाहेर फिरवायला सांगा, बोटाखाली तो फिरताना कळतो. चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, कारण तिथली कातडी आणि चरबी हाडावरून सरकते. स्टिकर उभं असतानाच लावा, झोपवून लावलेला उभं राहिल्यावर जागा सोडतो. साडी किंवा सलवारीवरून मोजमाप होत नाही. पडदा लावून सैल हाफपँट द्या, बायकांसोबत बाई असू द्या. हाताच्या झोक्याने खुब्याचा स्टिकर झाकला जातो, म्हणून खुबा ते गुडघा याच रेषेवर मांडीच्या मध्यावर चौथा स्टिकर लावा.

आधी सरळ उभं करून एक व्हिडिओ. किनोव्हियासारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंचा कोन घ्या आणि 180 मधून वजा करा. त्याच वेळी गोनिओमीटरनेही मोजा. व्हिडिओ 9 अंश आणि गोनिओमीटर 5 सांगत असेल तर 4 अंश ही स्टिकरची चूक, पुढे सगळ्या आकड्यांतून तेवढेच वजा करायचे. पूर्ण 9 वजा केले तर गुडघा सरळच होत नाही, ही गोष्टच लपते. झिजलेल्या गुडघ्यात ती फार वेळा असते.

मग चालणं. "नीट चाला" म्हणू नका, माणूस लगेच पाय सांभाळायला लागतो. "आजी, रोज दूध आणायला जाता तशा चाला," एवढं पुरे. पहिल्या दोन फेऱ्या सोडून द्या. काठी वापरत असतील तर काठीसह, आणि ते नोंदवा. कॅमेऱ्याजवळच्या पायाची, फ्रेमच्या मधोमध आलेली पाच पावलं घ्या. दुसऱ्या पायासाठी उलट दिशेने.

प्रत्येक पावलात चार जागा बघा: टाच टेकताना, त्यानंतर अंगाचा भार पायावर येताना, भार पेलून पुढे सरकताना गुडघा सगळ्यात सरळ होतो ती वेळ, आणि पाय हवेत असताना. निरोगी गुडघा भार घेताना साधारण 15 ते 20 अंश वाकतो आणि हवेत 60 अंशांच्या आसपास. दुखऱ्या गुडघ्याला भार घेतानाचा बाक आधी सोसवत नाही: मांडीचे स्नायू आवळून पाय ताठ धरला जातो, धक्का झेलला जात नाही. हा आकडा दिसायला लहान, पण सगळ्यात जास्त तोच सांगतो. तो टाच टेकल्यानंतर साधारण 0.15 सेकंदात येऊन जातो, म्हणून फ्रेम एकेक करून पुढे न्या.

वेग कमी झाला की निरोगी माणसाचेही हे आकडे घटतात. म्हणून 4 मीटरला लागलेला वेळ प्रत्येक कोनाशेजारी लिहाच. पुढच्या भेटीत तोच वेग, तीच चप्पल किंवा अनवाणी, दिवसाची तीच वेळ. वेदनाशामक कधी घेतलं तेही विचारा. दोन भेटींतला 5 अंशांहून कमी फरक सुधारणा म्हणून सांगू नका, स्टिकर पुन्हा लावण्यातच तेवढा जातो. पावलागणिक गुडघा बाहेर झुकतो का, हे समोरून नुसतं डोळ्यांनी बघून नोंदवा. त्याचा कोन एका कॅमेऱ्याने मोजू नका, पाय थोडा वळला तरी आकडा खोटा येतो.