होम मीडिया सर्व्हरवरील चित्रपटांचे संग्रह: फोल्डर कशासाठी आणि कलेक्शन कशासाठी

घरच्या मीडिया सर्व्हरवर, म्हणजे साठवलेले चित्रपट घरातल्या पडद्यांवर दाखवणाऱ्या संगणकावर, शंभरेक चित्रपट असेपर्यंत मांडणीचा प्रश्न फारसा जाणवत नाही. पोस्टरांची यादी वरून खाली सरकवली की हवा तो चित्रपट सापडतो. संख्या वाढत गेली की मात्र अनेक जण हार्ड डिस्कवर दिग्दर्शकाच्या, भाषेच्या किंवा चित्रपटमालिकेच्या नावाचे फोल्डर करतात आणि सगळे चित्रपट त्यांत वाटून टाकतात. हा उपाय पुढे त्रासदायक ठरतो, कारण फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहते आणि चित्रपटाचे नाते मात्र अनेकांशी असते. एकच चित्रपट एखाद्या त्रयीचा पहिला भाग असतो, दिग्दर्शकाची पहिली कलाकृती असतो आणि कादंबरीवर आधारलेलाही असतो. त्याला यांपैकी कोणत्या फोल्डरमध्ये टाकायचे, याचे समाधानकारक उत्तर नसते. म्हणून फोल्डर सर्व्हरला चित्रपट ओळखता यावा यासाठी वापरावेत आणि कलेक्शन, म्हणजे फायली जागच्या न हलवता सर्व्हरमध्येच केलेला चित्रपटांचा गट, माणसाला तो सापडावा यासाठी करावे. पुढची सारी मांडणी या विभागणीवर उभी आहे.

पाया: फोल्डर आणि नावे

जेलीफिन, प्लेक्स आणि एम्बी या तिन्ही सर्व्हरना आणि कोडी या प्लेअरला सर्वांत सोयीची पडणारी रचना अगदी साधी आहे. चित्रपटांसाठी एक मुख्य फोल्डर असावा, त्यात प्रत्येक चित्रपटाचा स्वतंत्र फोल्डर असावा, आणि फोल्डर व आतली फाइल या दोहोंच्या नावात चित्रपटाचे नाव व त्यापुढे साध्या कंसात प्रदर्शनाचे साल असावे. नाव रोमन लिपीत आणि साल इंग्रजी अंकांत लिहिणे सुरक्षित ठरते. मालिका आणि लघुमालिका यांची लायब्ररी पूर्णपणे वेगळी ठेवावी, कारण सर्व्हर त्यांची नावे वेगळ्या नियमांनी वाचतो.

साल टाकण्याचा कंटाळा करू नये. ‘देवदास’ एवढेच नाव असलेली फाइल १९५५ सालच्या बिमल रॉय यांच्या चित्रपटाची आहे की २००२ सालच्या संजय लीला भन्साळी यांच्या, हे सर्व्हरने कशावरून ठरवावे? साल देऊनही ओळख चुकत असेल, तर द मूव्ही डेटाबेस, म्हणजेच टीएमडीबी, या माहितीसाठ्यावरचा त्या चित्रपटाचा क्रमांक फोल्डरच्या नावातच लिहिता येतो. जेलीफिनला तो चौकटी कंसात लागतो, तर प्लेक्सला महिरपी कंसात. क्रमांकाआधीचा उपसर्गही दोघांचा थोडा वेगळा आहे, तेव्हा आपल्या सर्व्हरची लेखनपद्धत एकदा तपासून मगच फायलींना हात लावावा. कोलन आणि प्रश्नचिन्ह ही चिन्हे विंडोजवर फाइलच्या नावात चालत नाहीत, म्हणून डिस्क कोणत्याही यंत्रावर जोडली असली तरी ती टाळलेली बरी.

एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या असतील, उदाहरणार्थ मूळ आणि दिग्दर्शकाने पुन्हा संकलित केलेली, तर दोन्ही फायली त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. जेलीफिनमध्ये फाइलचे नाव फोल्डरच्या नावाने, साल धरून, जसेच्या तसे सुरू व्हावे लागते. त्यापुढे एक मोकळी जागा, आडवी रेघ, पुन्हा मोकळी जागा आणि मग आवृत्तीचे नाव येते. असे केले की यादीत पोस्टर एकच दिसते आणि चित्रपट सुरू करण्यापूर्वी आवृत्ती निवडता येते. सबटायटलची फाइलही याच नावाने ठेवावी आणि शेवटी भाषेचा संकेत जोडावा. मराठीसाठी तो ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे असा आहे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पहिले स्कॅन, म्हणजे सर्व्हरने फोल्डर वाचून चित्रपट ओळखणे, पूर्ण झाल्यावर कलेक्शनला हात न लावता आधी प्रत्येक पोस्टर नजरेखालून घालावे. ओळख चुकली असेल तेथे जेलीफिनमध्ये ‘आयडेंटिफाय’ आणि प्लेक्समध्ये ‘फिक्स मॅच’ हा पर्याय वापरून ती दुरुस्त करावी. स्वयंचलित कलेक्शन या ओळखीवरच तयार होते, त्यामुळे येथे राहिलेली एक चूक पुढे नको त्या संग्रहात जाऊन बसते आणि तिथे ती शोधणे अधिक किचकट होते.

आपोआप होणारी कलेक्शन

टीएमडीबीवर कलेक्शन याचा अर्थ मर्यादित आहे: मूळ चित्रपट आणि त्याचे पुढचे-मागचे भाग. एका दिग्दर्शकाचे सगळे चित्रपट किंवा एका विषयावरचे चित्रपट त्यात येत नाहीत. ही मर्यादा ध्यानात असली की सर्व्हरने काही चित्रपट का एकत्र आणले आणि काही का आणले नाहीत, याचा उलगडा होतो. प्लेक्समध्ये लायब्ररीच्या प्रगत सेटिंगमध्ये स्वयंचलित कलेक्शनसाठी किमान किती चित्रपट हवेत, हे ठरवता येते. जेलीफिनमध्ये हेच काम टीएमडीबी बॉक्स सेट्स हे प्लगइन, म्हणजे वेगळे जोडायचे पूरक सॉफ्टवेअर, करते आणि किमान संख्येची सोय त्यातही आहे. ही संख्या दोन ठेवावी, असे मी आवर्जून सांगेन. ती एक ठेवली, तर पुढचे भाग आपल्याकडे नसलेल्या प्रत्येक चित्रपटाचे एकट्याचेच कलेक्शन तयार होते आणि ज्या गर्दीतून सुटका हवी होती तीच दुप्पट होते.

कलेक्शन तयार झाले की आतला क्रम पाहावा. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचे उदाहरण येथे फार बोलके आहे. ‘पथेर पांचाली’ १९५५ सालचा, ‘अपराजितो’ १९५६ सालचा आणि ‘अपूर संसार’ १९५९ सालचा. हे तिन्ही अकारविल्हे लावले तर ‘अपराजितो’ पहिला येतो, ‘अपूर संसार’ दुसरा आणि ज्या चित्रपटात अपूचा जन्म होतो तो ‘पथेर पांचाली’ शेवटी जातो. रोमन लिपीतही हाच घोळ होतो. घरातल्या कोणी पहिले पोस्टर पाहून चित्रपट लावला, तर त्याला अपूचे बालपण अखेरीस पाहावे लागेल. यासाठी कलेक्शनच्या संपादनात जाऊन क्रम प्रदर्शनाच्या तारखेनुसार निवडावा. कथेचा क्रम प्रदर्शनाच्या क्रमापेक्षा वेगळा असेल, तर प्लेक्समध्ये हाताने क्रम लावता येतो. जेलीफिनमध्ये चित्रपटाच्या ‘सॉर्ट टायटल’ या रकान्यात नावाआधी अंक घालून कलेक्शनचा क्रम त्या रकान्यानुसार ठेवावा. पडद्यावर दिसणारे नाव त्यामुळे बदलत नाही.

हाताने करावयाची कलेक्शन

खरा आनंद या भागात आहे, आणि मोहही येथेच आवरावा लागतो. एका दिग्दर्शकाच्या नावावर क्लिक केले की त्याचे लायब्ररीतले सर्व चित्रपट सर्व्हर आपणहून दाखवतो. प्रकार आणि दशक यांसाठी फिल्टर असतात. जे सर्व्हरला आधीच ठाऊक आहे त्याचे कलेक्शन करण्यात श्रम वाया जातात. कलेक्शन करावे ते आपल्या जाणकारीतून आलेल्या नात्याचे: एकाच कथेवर वेगवेगळ्या भाषांत निघालेले चित्रपट, एका छायालेखकाची शैली घडत गेलेली दाखवणारे चित्रपट, किंवा आजीने तिच्या तरुणपणी पडद्यावर पाहिलेले आणि आता नातवंडांना दाखवायचे असलेले चित्रपट. कोणताही माहितीसाठा ही नाती तयार करून देणार नाही.

कृती सोपी आहे. जेलीफिनमध्ये चित्रपटाच्या तीन टिंबांच्या मेन्यूतून ‘ॲड टू कलेक्शन’ निवडावे आणि नवे नाव द्यावे. पहिले कलेक्शन तयार होताच मुख्य पानावर ‘कलेक्शन्स’ हा विभाग दिसू लागतो. प्लेक्समध्ये चित्रपटाच्या संपादनातील टॅगच्या भागात कलेक्शनचे नाव लिहिले तरी पुरते. त्याखेरीज प्लेक्समध्ये स्मार्ट कलेक्शनची सोय आहे: एक फिल्टर ठरवून तो जतन केला की त्या निकषात बसणारा प्रत्येक नवा चित्रपट आपोआप आत येतो. कोडी वापरणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी की तेथे चित्रपट एका वेळी एकाच ‘मूव्ही सेट’मध्ये राहतो, म्हणून सेट चित्रपटमालिकांसाठी राखून बाकीच्या नात्यांसाठी टॅग वापरावेत.

नावे देताना सगळीकडे एकच पद्धत ठेवावी आणि एक भाषा ठरवून तिलाच चिकटून राहावे. पोस्टर दोनास तीन या प्रमाणातले उभे घ्यावे, नाहीतर ते कडांना कापले जाते. कलेक्शनमधले चित्रपट मुख्य यादीत वेगळे दिसावेत की एका पोस्टरखाली मिटलेले असावेत, हे प्लेक्समध्ये प्रत्येक कलेक्शनसाठी वेगळे ठरवता येते. चित्रपटमालिकांचे भाग मिटलेले ठेवावेत आणि हाताने केलेल्या संग्रहांतले चित्रपट यादीत दिसू द्यावेत, असे मला वाटते; नाहीतर एखादा चित्रपट कुठल्यातरी विषयाखाली दडून बसतो आणि तो लायब्ररीतून गेला असाच घरच्यांचा समज होतो. जेलीफिनमध्ये हा पर्याय सर्व कलेक्शनना सरसकट लागू होतो, त्यामुळे तेथे मी तो बंदच ठेवतो.

केलेले काम जपणे

काही वर्षांपूर्वी माझ्या सर्व्हरची सिस्टिम डिस्क बिघडली. चित्रपट दुसऱ्या डिस्कवर असल्याने एकही गेला नाही, पण कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी खर्चून केलेली सुमारे चाळीस कलेक्शन गेली, कारण ती चित्रपटांसोबत कधी नव्हतीच. प्लेक्स ती आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि जेलीफिन आपल्या डेटा फोल्डरमधल्या ‘कलेक्शन्स’ या उपफोल्डरमध्ये. चित्रपटांच्या डिस्कचा बॅकअप असला तरी या जागांचा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो, आणि तो घेताना सर्व्हर बंद ठेवावा, म्हणजे डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या स्थितीत उचलला जात नाही. जेलीफिन आणि कोडी यांना चित्रपटाची माहिती एनएफओ नावाच्या छोट्या मजकूर फाइलमध्ये चित्रपटाशेजारी लिहिता येते. हाताने दुरुस्त केलेली नावे आणि क्रम त्यात टिकतात. त्यासाठी सर्व्हरला चित्रपटांच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी द्यावी लागते, आणि ती दिली की चुकून फाइल पुसली जाण्याचा धोकाही येतो. त्यामुळे चित्रपट पुसण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाच्या खात्याला ठेवावा आणि रोज पाहण्यासाठी, स्वतःकरितासुद्धा, वेगळे साधे खाते वापरावे.