व्हिटफील्ड मलम घोटताना खरखर राहू नये म्हणून

डी.फार्म.च्या (फार्मसी डिप्लोमाच्या) प्रॅक्टिकलला व्हिटफील्डचं मलम आलं की निम्म्या मुलांचं खरखरीत होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्थर व्हिटफील्ड यांच्या नावाचं हे गजकर्णावरचं जुनं मलम. बेंझॉइक अॅसिड 6 टक्के, सॅलिसिलिक अॅसिड 3 टक्के, बाकी बेस, म्हणजे औषध ज्यात मिसळतात तो स्निग्ध भाग. आज स्टेरॉइडवालं मिक्स क्रीम लावून लोक गजकर्ण आणखी पसरवून घेतात, ते बघून जीव तुटतो, म्हणून हे साधं मलम नीट बनवता यायलाच हवं असं मला वाटतं.

50 ग्रॅम द्यायचं असेल तर 55 ग्रॅमचा हिशोब धरा, कारण टाइलला (मलम घोटायच्या सपाट फरशीला) आणि स्पॅच्युलाला (घोटायच्या चपट्या पात्याला) थोडं चिकटून जातंच. म्हणजे बेंझॉइक 3.3 ग्रॅम, सॅलिसिलिक 1.65, बेस साधारण 50. बेस म्हणजे इमल्सिफाइंग ऑइंटमेंट, तो 60 ग्रॅम करून ठेवा: इमल्सिफाइंग वॅक्स 18, व्हाइट सॉफ्ट पॅराफिन 30, लिक्विड पॅराफिन 12.

वॅक्स किसून चायना डिशमध्ये (चिनी मातीच्या वाडग्यात) वॉटर बाथवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून, आधी वितळवा, ते सगळ्यात उशिरा वितळतं, मग सॉफ्ट पॅराफिन, शेवटी लिक्विड पॅराफिन. डायरेक्ट बर्नरवर ठेवू नका. खाली उतरवलं की पूर्ण गार होईपर्यंत हलकं ढवळत राहायचं, फेटायचं नाही, नाहीतर हवा भरते. आणि घाई म्हणून फ्रिजमध्ये तर अजिबात नको, वॅक्स आधी गोठतं आणि बेसमध्ये दाणे दिसायला लागतात.

आता खरं काम पावडरीचं. दोन्ही अॅसिडं वेगवेगळी खलात बारीक करून बारीक चाळणीतून चाळून घ्या, तोंडाला मास्क बांधा, सॅलिसिलिकची धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. मग दोन्ही एकत्र करून टाइलवर घ्या, पावडरीएवढाच बेस घालून आधी घट्ट पेस्ट घोटा, स्पॅच्युला सपाट दाबून पुढे-मागे, कडेचं गोळा करून परत मधे आणत. एकही पांढरा ठिपका दिसेनासा झाला की टाइलवर जेवढं आहे तेवढाच बेस परत घाला, परत घोटा, असं दुप्पट दुप्पट करत संपवा. सगळा बेस एकदम ओतला तर पावडरीच्या गुठळ्या त्यात घसरत राहतात, फुटत नाहीत.

गरम बेसमध्ये पावडर टाकायचा मोह होतो, मीही विद्यार्थी असताना केलं होतं. छान विरघळल्यासारखं दिसलं, जर्नल सही करून घरी गेलो, दुसऱ्या दिवशी बरणीत साखरेसारखे खडे! अॅसिड गरम बेसमध्ये थोडं विरघळतं आणि गार होताना मोठ्या स्फटिकांच्या रूपात बाहेर येतं, शिवाय बेंझॉइक तापलं की उडून जातं ते वेगळंच.

स्पॅच्युला प्लॅस्टिकचा किंवा चांगल्या स्टीलचा घ्या. लोखंडी, गंज धरलेला असेल तर सॅलिसिलिक अॅसिड लोखंडाशी रिअॅक्ट होतं आणि मलमात जांभळट-गुलाबी छटा येते. तसं मलम देऊ नका, नवीन करा.

झालं की चिमूटभर दोन काचेच्या स्लाइडमध्ये दाबून उजेडासमोर धरा, कण दिसले तर परत टाइलवर. मग रुंद तोंडाच्या बरणीत तळापासून दाबत भरा म्हणजे मधे हवा राहत नाही. हात साध्या पाण्याने धुता येतात, बेसच तसा आहे. लेबलवर 'फक्त बाह्य वापरासाठी' आणि तारीख मोठ्या अक्षरात लिहा, आणि पेशंटला देणं हे फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर, रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या हातून. चेहऱ्यावर, जांघेच्या नाजूक कातडीवर किंवा जखमेवर हे झोंबतं, तेवढं तोंडी नक्की सांगा.