कॅमेरा, राउटर, नॅस: एवढं आजच करून टाका

घरात वायफाय कॅमेरा, स्मार्ट टीव्ही किंवा फाइल्स ठेवायचा नॅस बॉक्स असेल तर आधी कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (म्हणजे घातक सॉफ्टवेअरने) लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते काही फार हुशारीने नाही, ६० च्या आसपास ठरलेले युजरनेम-पासवर्ड लावून बघितले आणि लॉगिन होत गेलं, बस.

नॅसवाल्यांनी तर जास्तच जपा, २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने थेट इंटरनेटवर उघडे असलेले नॅस गाठून फाइल्स लॉक केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली, तिथे पासवर्ड कितीही भारी असून उपयोग नव्हता कारण सॉफ्टवेअरमध्येच भोक होतं. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग (घरातल्या उपकरणांपर्यंत बाहेरून वाट उघडून देणाऱ्या सोयी) बंद करा, बाहेरून फाइल्स लागतच असतील तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित खासगी रस्ता) वापरा. फर्मवेअर (उपकरणाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट ऑटोवर ठेवा. कॅमेरा-टीव्ही राउटरच्या वेगळ्या गेस्ट वायफायवर टाका म्हणजे ते हॅक झाले तरी तिथून लॅपटॉपपर्यंत पोचणं अवघड जातं.

आणि प्लीज, बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या, घेऊन झाला की केबल काढूनच ठेवा, जोडलेली राहिली तर तीही लॉक होऊ शकते.